एका तोटीचं ठेसन

संक्रांत होऊन चार दिवस झाले तरी धुकं हलायला तयार नव्हतं. रुळापलीकडची तूर दिसत नव्हती, सिग्नलचा हात दिसत नव्हता, आणि पंपघरातलं इंजन सुरू होत नव्हतं. बायनाबाईनं पदर कमरेला खोचला, हँडल घातलं आणि सगळं अंग टाकून फिरवलं. इंजन दोनदा खोकलं आणि गप बसलं.

"खोक मेल्या, खोक. तुजा बी दम गेला आन् माजा बी."

तिनं चिंधीला घासलेट लावून पेटवली, इंजनाच्या हवेच्या तोंडाशी धरली, पुन्हा हँडल मारलं. तिसऱ्या खेपेला काळा धूर निघाला आणि पट्टा फिरायला लागला. विहिरीतलं पाणी वरच्या लोखंडी टाकीत पडायला लागल्याचा आवाज आला, तशी बाहेर टाकीखाली एकच कालवा झाला.

"आवं बायनाबाई, आज दुपारी सोडताव का काय पाणी?"

"तुज्या नवऱ्याला धाड हँडल माराया! मग सोडते बिगी बिगी."

टाकीच्या पायाशी पितळी तोटी होती, आणि तोटीपासून पार मालधक्क्यापर्यंत भांड्यांची ओळ. घागरी, हंडे, कळश्या, डालड्याचे डबे, एखादं कान तुटलेलं घमेलं. माणसं कमी, भांडी जास्ती. ठेसनावरची रीतच तशी होती. भांडं ठेवलं की माणूस उभा राहिला असं धरायचं. बाई भाकरी थापायला जाओ, बाळंत व्हायला जाओ, तिचं भांडं कुणी मागं सारायचं नाही. सारलं तर बायनाबाई तोटी बंद करायची आणि मग सगळं ठेसन त्या एकीला शिव्या द्यायचं.

ठेसन म्हणजे गावाचं नाव नव्हे. पाटीवर नाव होतं ‘डोहगाव रोड’, पेडगावच्या अलीकडं. खरं डोहगाव तिथून दोन कोस, दुधनेच्या काठाला. निजामाच्या राज्यात रूळ टाकायला आलेल्या गोऱ्या साहेबानं आधी डोहगावातच ठेसन धरलं होतं म्हणतात. पण विहीर खांदली तर पाणी खारं. खारं पाणी माणूस पिईल कसंबसं, इंजन पीत नाही. बॉयलरला खपल्या धरतात. मग साहेबानं चार ठिकाणी भोकं पाडली आणि या उघड्या माळावर, जिथं शेरडं सुद्धा नाइलाजानं यायची, गोडं पाणी लागलं. साहेबानं तिथंच विहीर बांधली, टाकी उभी केली, इंजनाला पाणी पाजायची लोखंडी सोंड लावली. डोहगावचे पाटील तेव्हा लई हसले. माळावर गाडी थांबणार, आणि उतरणार कोण? कोल्हे?

पण इंजनाला पाणी प्यायला पाव घंटा लागायचा. पाव घंटा गाडी थांबली की माणूस खाली उतरतो, उतरला की त्याला भूक लागते. पहिल्यांदा एका म्हातारीनं खारे शेंगदाणे आणले. मग भजे आले, मग चहा. मग आता पेठेत दुकान चालवणाऱ्या सांबप्पाचा आजा चन्नबसप्पा बिदरकडून आला. कापूस इथूनच गाडीत चढतो हे बघून त्यानं दुकान टाकलं. मग सरकी काढायची जिनिंग आली, कारण जिनिंगलाही पाणी लागतं आणि रूळ लागतो. जिनिंग आली तसे हमाल आले, हमालांमागं त्यांच्या बायका, बायकांमागं बांगडीवाला. सोमवारचा बाजार डोहगावातून उठून इथं भरायला लागला. पन्नास वर्षांत माळावर चारशे घरं झाली, आणि ती सगळी, सोनाराच्या माडीपासून रुळापलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांपर्यंत, रेल्वेच्या त्या एका तोटीवर पाणी भरत होती. रेल्वेनं ती तोटी आपल्या नोकरांसाठी बसवली होती. बाकीच्यांना कुणी भरा म्हटलं नव्हतं आणि भरू नका असंही म्हटलं नव्हतं.

बायनाबाई वालूरची. पंधराव्या वर्षी लग्न होऊन इथं आली ती सितारामची बायको म्हणून. सिताराम पंप खलाशी, म्हणजे रेल्वेचा पंप चालवणारा. घरी कमी, पंपघरात जास्ती. दुपारची भाकरी घेऊन जायची, तर तो म्हणायचा, "जरा ही पक्कड धर." असं पक्कड धरता धरता तिला सगळं इंजन पाठ झालं. सिताराम त्र्याऐंशी साली वारला, आणि त्याच्या जागेवर रेल्वेनं तिला घेतलं. साहेब म्हणाला, बाई, तुम्हाला ठेसन झाडायचं काम देतो. तर त्या दिवशी नवीन खलाशाकडून इंजन चालू होईना, गाडी शिट्ट्या मारत उभी. बायनाबाईनं झाडू टाकला, हँडल घेतलं. तेव्हापासून हँडल तिच्याकडंच राहिलं आणि झाडू कुणाकडं गेला हे रेल्वेनंही विचारलं नाही.

तोंड मात्र तिचं सितारामसारखं नव्हतं. तो मुका, ही तोफ. त्याचं एकच भाषण ठेसनाला माहीत होतं, आणि ते सुद्धा अठ्ठ्याहत्तर सालचं. नामांतराच्या दंगलीत डोहगावात घरं जळली तेव्हा आठ-दहा कुटुंबं रात्रीची रूळ धरून ठेसनावर आली. त्यांतच सरजाबाई, कडेवर पोर आणि हातात एक डेचकी. ठेसनमास्तरनं त्यांना मालधक्क्यावर उतरू दिलं. सकाळी त्यांनी तोटीच्या ओळीत भांडी लावली, तर डोहगावचे चौघं येऊन म्हणाले, यांची भांडी बाजूला काढा. सितारामनं इंजन बंद केलं, पंपघराला कुलूप घातलं आणि बाहेर बिडी पेटवून बसला. गाडी आली, इंजन तहानेलं, ड्रायव्हर शिट्टीवर शिट्टी मारायलाय. मास्तर पळत आला. सिताराम म्हणाला, "ओळ हाय तशी राहिली तर पंप चालू करतो. न्हाई तर न्हाई." त्या गाडीला जोडलेल्या डब्यांत त्याच चौघांचा कापूस होता. ओळ राहिली. सरजाबाईसुद्धा राहिली, रुळापलीकडं पत्रा टाकून.

बायनाबाई त्यावर आठ दिवस नवऱ्याशी भांडली होती. नोकरी गेली असती तर खायला काय, बिडी?

आता साल एक्क्याण्णव, आणि त्या सकाळी धुक्यातून मास्तर कागद घेऊन आला.

"बायनाबाई, पंप बंद होणार हाय."

"रोजच हुतो मेला."

"तसं न्हाई. कायमचा." मास्तरनं कागद वाचून दाखवला. वाफेची इंजनं या लाईनीवरनं गेली. डिझेल इंजनाला पाणी लागत नाही. तवा पंप ग्रामपंचायत ताब्यात घेत असंल तर पुढल्या महिन्याच्या आठ तारखेच्या आत सरपंचाची सही घ्यावी. सही नसंल तर इंजन, पाइप, तोटी काढून परभणीला पाठवावी.

बायनाबाईनं हातातली तेलाची बुधली खाली ठेवली. "आन् ही चारशे घरं? ती बी परभणीला धाडायची का पार्सल करून?"

"मला कामून वरडताव? मी लिहिलंय का?"

"मंग कुणाला वरडू? कागदाला?"

तिची स्वतःची नोकरी मे महिन्यात तशीही संपत होती. पण तोटी गेली तर माळावर दुसरं पाणीच नव्हतं. सरकारी दोन बोअर आधीच कोरडे पडले होते. तीन आठवडे बायनाबाई सकाळचा पंप आटोपून डोहगावला पायी चालत गेली. पंचायत डोहगावची, ठेसन त्याच पंचायतीत, फक्त नऊ मेंबरांतला एकही ठेसनावरचा नव्हता. पहिल्या दिवशी सरपंच आबासाहेब लग्नाला गेले होते. दुसऱ्या दिवशी तालुक्याला. तिसऱ्या खेपेला होते, पण अंघोळीला बसले होते, आणि त्यांची अंघोळ दुपारी दीडपर्यंत चालली. चौथ्या खेपेला शिपाई भुजंग म्हणाला, "मावशी, अर्ज आणलाव का?" पाचव्या खेपेला अर्ज नेला, तर ग्रामसेवक रजेवर.

"अर्जाला पाय फुटायचे राहिलेत आता," ती परत येऊन सांबप्पाच्या दुकानात धपकन बसली. "माज्या टाचा गेल्या की हो आप्पा."

सांबप्पा कपाळावर भस्माचे पट्टे ओढून गल्ल्यावर बसलेला, आवाज कधी न चढवणारा माणूस. तो म्हणाला, "मी बोललो आबासाहेबांशी. सही करायला तयार हायत."

"मंग अडलंय कुठं?"

"काय न्हाई. लहानशी गोष्ट. ते म्हणायलेत, टाकीच्या मागल्या अंगाला दुसरी तोटी बसवू. गर्दी कमी हुईल."

"बसवा की! चार बसवा. जो मोकळी तोटी बघंल तो भरंल."

सांबप्पा पाटावरची धूळ पुसायला लागला. धूळ नव्हती. "तसं न्हाई... पुढली तोटी पेठेला, मागली रुळापलीकडच्यांना. ज्याची त्याची सोय."

बायनाबाईला कळायला वेळ लागला नाही. ती उठली आणि परत बसली. "अठ्ठ्याहत्तर सालीच म्हणाले हुते की हे. तवा दांडकी घेऊन म्हणाले, आता तोटी घेऊन म्हणायलेत. तुमी काय म्हणलाव?"

"मी काय म्हणू? पाणी तर मिळायलंय. सही न्हाई झाली तर सगळेच मेलो. तूर्त होऊ द्यावं..."

"तूर्त! आप्पा, तुमचं तूर्त लई लांब असतंय."

सितारामनं काय केलं असतं हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचाच तिला संताप आला. त्याच्या वेळी शिट्टी मारायला तहानेलं इंजन होतं. आता तिनं पंप बंद केला तर कुणाचं अडणार होतं? डिझेलची गाडी तर आता अर्धं मिनिट थांबून निघूनसुद्धा जायची. भजेवाल्याच्या कढईतला घाणा तळून व्हायच्या आत. पंप बंद केला तर तहानेली राहणार तीच ओळीतली माणसं.

सरजाबाईला सांगायला ती रूळ ओलांडून गेली. सरजाबाई दारात गोवऱ्या रचत होती. तेरा वर्षांत दोघींची रोज सकाळी भांडणं झाली होती, पाणी सांडलं म्हणून, नंबर चुकला म्हणून, काहीच नाही म्हणून.

"कळलंय मला," सरजाबाई मान वर न करता म्हणाली. "मागली तोटी माज्या दारापासून जवळ पडती."

"मंग? जाशील तिथं?"

"तिच्यातनं दूध आलं तरी जानार न्हाई." तिनं गोवरी आपटली. "मी सांबप्पाच्या बायकोम्होरं नंबर लावते आन् तिच्याशी भांडते. तेरा वर्सं. मागं गेल्यावर भांडू कुणाशी? पण बायने, माज्यापायी चारशे घरांचं पानी तुटलं असं उद्या लोक म्हणतील. तू न्हाई म्हणणार, पर लोक म्हणतील. मला ते ओझं नगं."

"तुला नगं, मला नगं, आप्पाला नगं. मंग घ्यावं कुणी? मास्तरानं?"

आठ तारीख आली. बायनाबाईनं सकाळी टाकी भरून ठेवली, पण तोटी उघडायची नाही असा निरोप होता. उद्घाटन व्हायचं होतं. प्लंबरनं आदल्या दिवशीच मागली तोटी बसवली होती. ओळीत भांडी लागलेली, आणि सगळ्या बायकांना जिनिंगच्या शेडात बोलावलेलं, कारण आबासाहेबांचा सत्कार होता. सत्कार कशाचा, तर अजून न केलेल्या सहीचा. रेल्वेचा साहेब परभणीहून आला होता, त्याला साडेबाराच्या गाडीनं परत जायचं होतं. तो घड्याळ बघायचा आणि भाषण करणारा त्याच्याकडं बघून नमस्कार करायचा.

बायनाबाई शेडात गेली नाही. पंपघराच्या उंबऱ्यावर बसून तिनं बघितलं, की भुजंग शिपाई एकटाच टाकीखाली आला आहे आणि भांडी उचलायला लागला आहे.

"आरं ए! काय करायलास?"

"दोन वळी लावायलोय मावशी. आबासायबांनी सांगितलंय. उद्घाटनाला दोन वळी तयार पायजेत."

"भांड्याला हात लावायची रीत न्हाई इथं."

"आता रीत पंचायतीची."

"बरं. आन् कुणाचं कोणतं, तुला काय ठावं? तू डोहगावचा."

भुजंग हुशारीनं हसला. "नावं घातलेली हायत की."

 तिनं गुडघ्यावर हनुवटी टेकली आणि त्याला खुशाल करू दिलं.

नावं होती, खरंच. प्रत्येक घागरीच्या गळ्याला, हंड्याच्या काठाला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली. पण ती नावं भांडं देणाऱ्याची. लग्नात आहेर म्हणून भांडं येतं, घरात चार वर्षं वापरलं जातं, मग दुसऱ्याच्या लग्नात तेच आहेर म्हणून जातं. नव्याला पैका कुणाकडं? ठेसनावरची भांडी अशी पन्नास वर्षं फिरत आली होती. कुणाच्याच घरात स्वतःच्या नावाचं भांडं नव्हतं. हे ठेसनावरच्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. डोहगावच्या शिपायाला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

भुजंगनं एक झळझळीत घागर उचलली. वाचली. चपापला. मग दोन्ही हातांनी, देव उचलावा तशी नेऊन त्यानं ती पुढल्या तोटीखाली सगळ्यांत आधी ठेवली. मग एक पोचा पडलेला, काळाकुट्ट डालड्याचा डबा उचलला. त्यावर नाव नव्हतं. तो त्यानं दोन बोटांनी धरून मागल्या तोटीकडं भिरकावला.

अकरा वाजता मंडळी आली. पुढं हार घातलेले आबासाहेब, मागं साहेब, सांबप्पा, मास्तर आणि बायांचा लोंढा. लोंढ्यात सांबप्पाची बायको महानंदा. तिचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. पहाटेचं पाणी न्यायचं, लिंगपूजा करायची, मग तोंडात काही घालायचं. आज अकरा वाजले तरी पाणी नाही, पूजा नाही, पोटात कण नाही. एरवी शांत असलेली ही बाई त्या दिवशी नुसती वातीजवळच्या बारुदासारखी होती. तिनं ओळीकडं बघितलं.

"माजा डबा कुठाय?"

"कोणता डबा आक्का?"

"डालड्याचा! हंडा कल्हईला दिलाय माजा. सरजाबाईच्या मागं हुता डबा. आठवा नंबर."

भुजंगचं बोट आपोआप मागल्या तोटीकडं गेलं. "नाव नव्हतं त्याच्यावर... म्हून तिकडल्या लोकांत..."

"कोणत्या लोकांत?" महानंदानं विचारलं. सांबप्पानं डोळे मिटून घेतले.

"आन् ही कुणाची पैल्या नंबरला?" मास्तरच्या बायकोनं, मास्तरीणबाईनं, झळझळीत घागरीकडं बोट केलं.

भुजंगला वाटलं, निदान हे तरी बरोबर केलं. "ती आपल्या वैनीसाहेबांची. ‘सौ. कमलबाई आबासाहेब’. नाव हाय की!"

"माजी हाय ती," सरजाबाई गर्दीतून म्हणाली. "माज्या थोरल्या लेकीच्या लग्नात आप्पांनी आहेर केल्ती. लेकीनं नवी घेतली, मला दिली."

सगळ्यांनी सांबप्पाकडं बघितलं. सांबप्पानं आबासाहेबांकडं बघितलं नाही. "आमच्या थोरलीच्या लग्नात... तुमच्याकडनं आल्ती," तो जमिनीला म्हणाला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. महानंदाला हसू आलं नाही. ती भुकेली होती.

"घागर कुणाचीबी असू दे! माजा नंबर कुठाय? सकाळी चारला लावला मी. माज्या म्होरं सरजाबाई, माज्या मागं मास्तरीणबाई. मला माजा नंबर पायजे!"

"माज्या मागं पार्वतीबाई हुत्या," मास्तरीणबाई म्हणाली.

"आन् माज्या म्होरं मास्तरीणबाई, मागं कडूबाई."

"कडूबाईच्या मागं मी, ते कान तुटलेलं घमेलं माजं!"

आणि मग कुणी कुणाला विचारलं नाही. बाया दोन्ही तोट्यांकडं धावल्या, भांडी उचलली आणि कोण कोणाच्या म्होरं, कोण कोणाच्या मागं असं ओरडत, एकमेकींना ढोसत, शिव्या देत ओळ लावायला लागल्या. आबासाहेब "थांबा, थांबा" म्हणत राहिले. प्रत्येकीला फक्त आपल्या पुढची आणि आपल्या मागची ठाऊक होती, आणि तेवढ्यानं भागलं. दहा मिनिटांत टाकीपासून मालधक्क्यापर्यंत ओळ जशीच्या तशी उभी राहिली. एक. रुळापलीकडची आणि अलीकडची सगळी तिच्यात.

आबासाहेब हार काढून हातात धरून उभे होते. "सांबप्पा, हे काय चाललंय? तुमी म्हणलाव, पेठेची कबुली हाय."

सांबप्पानं आयुष्यात पहिल्यांदा बायकोकडं बघून उत्तर दिलं. "तिलाच विचारा. मला दुपारी घरी जेवायचंय."

"आबासाहेब," बायनाबाई उंबऱ्यावरून उठली, "मागली तोटी ऱ्हाऊ द्या. पण वळ एकच. म्होरची बाई मोकळी तोटी बघून तिथं भरंल. लिहा तसं त्या कागदात. न्हाई तर ह्या बायांना तुमीच सांगा कुणाचा नंबर कुठं. मी काय सांगणार न्हाई. मी तीन आठवडे तुमच्याकडं चालत आले. आता माज्यात बोलायचं त्राण न्हाई."

रेल्वेच्या साहेबानं घड्याळ दाखवलं. "सरपंचसाहेब, सही करायची तर करा. नाहीतर मी इंजन उद्या काढायला माणसं पाठवतो. साडेबाराला माझी गाडी आहे."

आबासाहेबांनी ओळीकडं बघितलं. ओळीतली आठव्या नंबरची बाई त्यांच्याकडं अशी बघत होती, की आता एक क्षण उशीर झाला तर डबा डोक्यात घालील. त्यांनी पेन मागितलं.

"तूर्त करतो," ते म्हणाले. "नियम मागनं ठरवू."

"ठरवा. पण कागदात लिहा आधी."

मास्तरनं लिहिलं, आबासाहेबांनी सही केली आणि हार भुजंगच्या हातात कोंबून ते जीपमध्ये बसले. बायनाबाईनं दोन्ही तोट्या सोडल्या.

अर्ध्या तासात नवीनच भांडण सुरू झालं. मागल्या तोटीला धार मोठी आहे आणि पुढलीला बारीक, म्हणून जिला पुढली मिळाली ती मागलीसाठी अडून बसायला लागली. सरजाबाई आणि महानंदा त्यावरून एकमेकींच्या माहेरापर्यंत गेल्या. दोघी मिळून बायनाबाईला हाक मारायला लागल्या, की ये आन् न्याव कर.

"मी येत न्हाई!" ती आतूनच ओरडली. "तीन आठवडे न्यावच करायले मी. मरा तिकडं!"

तिनं बाहेर येऊन पंपघराचं दार ओढून घेतलं, क्वार्टरवर गेली, सूप घेतलं आणि ज्वारीचं दळण निवडायला बसली. गिरणीची लाईट तीनला जाते, आणि आज घरात चिमूटभर पीठ नव्हतं.